जुनी जपानी बाईक घेताय? ओरिजिनल का मॉडिफाईड, हे ठरवायचं कसं

जुनी जपानी बाईक घ्यायची ठरली की ओरिजिनल घेऊ का मॉडिफाईड हा प्रश्न येतोच, आणि कुणालाही विचारा, उत्तर एका टोकाचंच मिळतं. एक जण सांगणार साधा नटबोल्ट बदललेला असला तरी हात लावू नको, दुसरा विचारणार पन्नास वर्षांपूर्वीचे ब्रेक घेऊन आजच्या रस्त्यावर फिरणारेस का. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे पण त्यातून समोर उभी असलेली गाडी घ्यायची का सोडायची ते काही कळत नाही. मी गाडी बघताना दोन गोष्टी धरून बसतो, जे बदललंय ते पाना घेऊन परत पहिल्यासारखं करता येतं का, आणि काढलेले पार्ट आत्ता कुठं आहेत. ही दोन उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं, बाकीचं सगळं ह्यातूनच निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मॉडेल, मग गाडी

सगळ्या जुन्या जपानी गाड्यांना एकच माप लावून चालत नाही. काही मॉडेल अशी आहेत की ती कापली की सरळ नुकसान. होंडा सीबी ७५० घ्या, १९६९ साली आली, ७३६ सीसी, चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, आणि तिच्यानंतर बाकीच्या सगळ्या कंपन्यांना मोठ्या गाडीचा विचार नव्याने करावा लागला. ह्यातल्या अगदी पहिल्या गाड्यांची क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं मुख्य खोकं, नंतरच्या गाड्यांपेक्षा वेगळ्या पद्धतीने ओतलेली होती, वरून जरा खरबरीत दिसते म्हणून लोक तिला सँडकास्ट म्हणतात, फ्रेमचा नंबर १००७४१४ पर्यंत असेल तर ती त्यातली. अशा गाडीची मागची फ्रेम कापून कुणी कॅफे रेसर, म्हणजे खाली वाकून बसायची रेसिंगसारखी गाडी, केली असेल तर ती कितीही सुंदर दिसू दे, जे गेलं ते गेलं. कावासाकी झेड१ चं तेच, ९०३ सीसी, ८२ हॉर्सपॉवर, १९७२ ला आली. कावासाकीच्याच तीन सिलिंडरच्या टू स्ट्रोक, ५०० ची एच१ आणि ७५० ची एच२, सुझुकीची पाण्यावर थंड होणारी टू स्ट्रोक जीटी ७५०, होंडाची सहा सिलिंडरची सीबीएक्स, ह्या सगळ्या गाड्यांमध्ये ओरिजिनल असणं हीच मोठी किंमत आहे, तेव्हा तिथं माझा कौल कायम ओरिजिनलला.

दुसऱ्या बाजूला यामाहा एक्सएस ६५० आहे. १९७० पासून पुढं ८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनली, भरपूर बनली, साधं पॅरलल ट्विन इंजिन, उघडायला सोपं, बहुतेक मॉडेलना सेल्फसोबत किकही आहे. यामाहाचीच एसआर, सिंगल सिलिंडर, १९७८ ला सुरू झाली आणि त्यातली ४०० तर २०२१ पर्यंत चालू होती. होंडा सीबी ५५०, सीएक्स ५००, सीबी ३६०, ह्या पण चिक्कार बनल्या. अशा गाडीला कुणी नीट हाताने बॉबर (मडगार्ड छाटलेली सुटसुटीत गाडी) किंवा स्क्रॅम्बलर (कच्च्या रस्त्यासाठी उंच केलेली गाडी) केली असेल आणि तुम्हाला ती आवडली असेल तर बिनधास्त घ्या, त्यात इतिहासाचं काही बिघडत नाही, आणि पार्टपण मिळत राहतात.

मधल्या गाड्यांना जरा जपून. उदाहरण म्हणजे सीबी ४००एफ, चार सिलिंडर, ४०८ सीसी, १९७५ ते ७७ एवढीच बनली. तिचे चार पाइप पुढून निघून एका बाजूला वळतात आणि खाली एकत्र होतात, ती गाडी लोक त्या पाइपसाठीच घेतात. आता ह्या गाडीत कुणी बाहेरचा सरळसोट सायलेन्सर लावला आणि जुना फेकून दिला, तर वरवर बघता बोल्ट खोलून लावलेलाच पार्ट आहे, पण गाडीचं मन गेलं. म्हणून तुमच्या मॉडेलचा असा जीव असलेला पार्ट कुठला ते आधी शोधा, मग गाडी बघायला जा.

ओरिजिनल म्हणजे नक्की काय विकतोय तो

ओरिजिनल हा शब्द विकणारे फार सैल वापरतात. एक गाडी असते जिला कधी कुणी खोललेलंच नाही, रंग उडालाय, क्रोमला ठिपके आलेत, सीट फाटलीय पण सगळं जागेवर आहे. दुसरी असते रिस्टोर केलेली, नवा रंग, नवं क्रोम, चकचकीत. दुसरीला ओरिजिनल म्हणून विकतात आणि घेणारा पण तिलाच भुलतो. मला विचाराल तर पहिली घ्या, दर वेळी पहिलीच. उडालेल्या रंगाखाली काय आहे ते दिसतं, नव्या रंगाखाली दिसत नाही. रिस्टोर केलेली गाडी वाईट असते असं नाही, पण तिथं इंजिन आतून उघडल्याचे फोटो, पार्टची बिलं, काम कुणी केलं हे सगळं मागा, ते नसेल तर तुम्ही फक्त रंगकाम विकत घेताय असं धरून चला. वरून कीर्तन आतून तमाशा अशा गाड्या ह्या बाजारात खूप आहेत.

न खोललेली गाडी ओळखायची कशी? स्क्रू बघा. जपानी गाड्यांच्या इंजिन कव्हरला जे अधिक चिन्हाचे स्क्रू असतात ते साधे फिलिप्स नसतात, जेआयएस म्हणजे जपानी स्टँडर्डचे असतात, काहींच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की उचकटून वर येतो आणि खाच चघळल्यासारखी होते. तेव्हा क्लच कव्हर, पॉईंट कव्हर (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेवरचं झाकण), कार्ब म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या फ्लोट बाऊलचे स्क्रू जवळून बघा, टॉर्च मारून. खाचा कोऱ्या असतील तर एक तर कुणी हात लावला नाही, नाहीतर लावला तो कळणाऱ्या माणसाने लावला. सगळ्या खाचा चघळलेल्या असतील आणि दोन ठिकाणी ऍलन बोल्ट ठोकलेले असतील तर आत काय केलं असेल त्याचा अंदाज बांधा. सगळीकडे नवे ऍलन बोल्ट असतील तर मात्र ते वाईट लक्षण नाही, बरेच चांगले मेकॅनिक मुद्दाम ते लावतात कारण पुढच्या वेळी खोलायला सोपं जातं, फक्त मग ती गाडी उघडलेली आहे हे धरून पुढं विचारायचं.

नंबरचं पण एक लक्षात ठेवा कारण ह्यात लोक फसतात, उलट्या दिशेने पण फसतात. यामाहाच्या त्या काळच्या आरडी ३५० किंवा एक्सएस ६५० सारख्या गाड्यांमध्ये इंजिन आणि फ्रेमचा नंबर एकच असायचा, वेगळा असेल तर इंजिन बदललंय. होंडाच्या चार सिलिंडरमध्ये आणि कावासाकी झेड१ मध्ये ते दोन नंबर कंपनीतूनच वेगळे असायचे, एकमेकांच्या जवळपास असायचे पण तंतोतंत जुळायचे नाहीत. म्हणजे सीबी ७५० चा इंजिन आणि फ्रेम नंबर अगदी एकसारखा दिसला तर खूश व्हायच्या आधी तो शिक्का पुन्हा मारलाय का ते बघा. शिक्क्याच्या आजूबाजूचं मेटल घासलेलं, जास्तच गुळगुळीत किंवा नुसता तेवढाच भाग नव्याने रंगवलेला असेल तर तिथूनच मागे फिरा, बाकी काही बघत बसू नका.

सायलेन्सरवर पण शिक्के असतात. सीबी ७५० च्या बहुतेक ओरिजिनल पाइपवर एचएम ३०० किंवा नंतरच्यांवर एचएम ३४१ असं असतं. चार पाइपचा पूर्ण सेट चांगल्या अवस्थेत असणं ही फार मोठी गोष्ट आहे, तो सेट वेगळा घ्यायला गेलात तर गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडतो. पाइप आतून गंजतात, वरून क्रोम छान दिसतं आणि खालच्या बाजूला बोटाने दाबलं की पत्रा आत जातो, तेव्हा खाली वाकून हात फिरवा. रंगाचंही असंच, झेड१ च्या १९७३ च्या मॉडेलचं इंजिन काळं रंगवलेलं होतं, मग पहिल्या वर्षाची म्हणून विकायला ठेवलेली गाडी चांदीच्या रंगाच्या इंजिनात दिसली तर का, हे विचारायचं.

टाकीला चुंबक लावून बघा. चुंबक जिथं नीट धरत नाही तिथं खाली पुट्टी आहे. झाकण उघडून आत टॉर्च मारा, आतून लालसर गंज असेल तर तो साफ करता येतो, पण आत कुणी पांढरं किंवा राखाडी कोटिंग ओतलं असेल आणि ते पापुद्रे सुटायला लागले असतील तर ते गंजापेक्षा वाईट, कारण तेच पापुद्रे कार्बमध्ये जाऊन बसतात आणि ते पूर्ण काढणं फार कटकटीचं काम आहे.

मॉडिफाईड गाडी बघताना

इथं सीट उचलण्यापासून सुरुवात करायची. कॅफे रेसर करताना नव्वद टक्के वेळा कापतात ते सीटखाली, मागचा भाग छाटून त्याला वाकवलेला नळीचा लूप वेल्ड करतात. मी एक सीबी ५५० बघितली होती, लांबून अगदी मासिकात छापावी अशी, टाकीला गडद हिरवा रंग, तपकिरी लेदरची सीट. सीट काढली तर लूप शॉकअपच्या वरच्या माउंटिंगला अगदी चिकटून वेल्ड केलेला, वेल्डिंग वरून ग्राइंडरने सपाट करून त्यावर रंग मारलेला, आणि एका बाजूला रंगात केसासारखी बारीक रेघ. ती रेघ रंगाची नव्हती, जोड सुटायला लागला होता. शेजारी इंडिकेटरच्या वायरी पिळून काळ्या टेपने गुंडाळलेल्या, टेप उन्हाने चिकट होऊन ओघळलेला. विकणाऱ्याला रेघ दाखवली तर तो म्हणाला रंगच तडकलाय. त्या फ्रेमवर दोघं बसून खड्ड्यातून गेली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार करूनच अंगावर काटा येतो, म्हणून हे इतकं बजावून सांगतोय.

तर वेल्डिंग बघायचं असं. शॉकअपच्या माउंटिंगच्या मागे, फक्त मडगार्ड आणि मागचा दिवा धरणारा भाग कापला असेल तर ताकदीच्या दृष्टीने फारसं बिघडत नाही. माउंटिंगच्या पुढे कापलं असेल, किंवा दोन नळ्या जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, कोपऱ्यातले त्रिकोणी पत्रे काढून टाकले असतील तर ती गाडी सोडा. चांगल्या जोडात आत नळीचा तुकडा घालून मग वेल्ड केलेलं असतं आणि जोड एकसारखा, बारीक खवल्यांसारखा दिसतो, तो लपवायची गरज पडत नाही. घासून सपाट केलेला जोड दिसला की मी आधी संशयच घेतो.

मग कार्ब आणि एअर फिल्टर. मॉडिफाईड गाडीत एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचं मूळ खोकं, काढून प्रत्येक कार्बला एक एक छोटा पॉड फिल्टर लावणं हे फार कॉमन आहे, सीटखालचा तो रिकामा त्रिकोण दिसायला हवा म्हणून. पण ह्याचा परिणाम कार्बवर अवलंबून असतो. सीबी ३५० ट्विन, सीएक्स ५००, एक्सएस ६५० ह्यांच्यात सीव्ही कार्ब असतात, म्हणजे त्यातली स्लाइड केबलने नाही तर हवेच्या दाबातल्या फरकाने वर उचलली जाते. त्यांना एअरबॉक्समधली शांत, संथ हवा लागते. पॉड लावले की वाऱ्याने, वळणाने, शेजारून ट्रक गेला तरी दाब बदलतो, मग गाडी आयडलिंगला छान आणि फुल थ्रॉटलला छान पण मधे जिथं तुम्ही सगळा वेळ चालवता तिथंच मिसिंग मारते. विकणारा तुम्हाला जागेवर रेस देऊन दाखवेल, त्यात हे कळणार नाही. सीबी ५५० किंवा सुरुवातीच्या सीबी ७५० मध्ये स्लाइड थेट केबलने उचलली जाते, तिथं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, बदलून पॉड बऱ्यापैकी जमवता येतात. एक्सएस ६५० ला मिकुनीचे व्हीएम ३४ कार्ब लावलेले दिसले तर उलट चांगलं, ते काम नीट केलं असेल तर गाडी मस्त चालते. कुठल्याही गाडीत विचारायचं एवढंच की जेट कुठले टाकलेत. ज्याने खरंच काम केलंय तो नंबर सांगतो, ज्याने नुसते फिल्टर अडकवलेत तो विषय बदलतो.

टू स्ट्रोकमध्ये हे जास्त महत्त्वाचं कारण तिथं चुकलं तर इंजिनच जॅम होतं. आरडी ३५० ला एक्सपान्शन चेंबर, म्हणजे मधे फुगलेले रेसिंगचे सायलेन्सर, लावले आणि मेन जेट मोठे केले नाहीत तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो. स्पार्क प्लग काढून बघा, टोक पांढरं फटक असेल तर धोका, तपकिरी असेल तर ठीक. अजून एक गोष्ट खूप जण विचारायची विसरतात, ऑइल पंप चालू आहे का काढून टाकलाय. बऱ्याच मॉडिफाईड आरडीत ऑटोल्यूब पंप काढून तिथं पट्टी मारलेली असते, मग ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालावं लागतं, आणि हे माहीत नसताना तुम्ही नुसतं पेट्रोल भरून निघालात तर घरी पोचायच्या आधीच इंजिन जाईल.

वायरिंगबद्दल जास्त लिहीत नाही, तत्त्व सोपं आहे. हेडलाइटचं भांडं उघडायला सांगा, जपानी गाड्यांचे बहुतेक कनेक्टर त्यातच असतात. रंगीत वायरी आपापल्या कनेक्टरमध्ये असतील तर उत्तम, कुणी पूर्ण नवं हार्नेस बनवून नीट बांधलं असेल आणि त्याचा नकाशा देत असेल तर तेही उत्तम, मधलं काहीच नको. छोटी लिथियम बॅटरी लपवून बसवली असेल तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा पार्ट, बदललाय का विचारा, जुन्या रेग्युलेटरवर ती बॅटरी टिकत नाही आणि जास्त चार्ज झाली तर धोक्याचीही आहे. मल्टिमीटर सोबत न्या, चार हजार आरपीएमला बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. सुझुकीच्या जीएस सिरीजमध्ये स्टेटर, म्हणजे वीज बनवणारी कॉइल, आणि रेग्युलेटर ही जुनीच दुखरी जागा, आणि सीएक्स ५०० मध्ये स्टेटर इंजिनच्या मागच्या कव्हरमध्ये असल्यामुळे तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, तेव्हा ह्या दोन ठिकाणी मीटर लावल्याशिवाय बोलणी पुढं नेऊ नका.

पुढचा फोर्क दुसऱ्या नवीन स्पोर्ट्स बाईकचा लावला असेल तर दिसायला दणकट वाटतो, पण हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून टाकीला लागतंय का, स्टॉपर आहे का, पुढचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत आहे का हे बघावं लागतं. मागे लांब शॉकअप लावून गाडी पुढे झुकवली असेल तर स्टिअरिंग चपळ होतं पण वेगात हँडल थरथरायला लागण्याचा धोका वाढतो. अरुंद रिमवर जाड टायर बसवलेला असतो कारण तो फोटोत भारी दिसतो, त्याचा आकार बिघडतो आणि वळणावर गाडी विचित्र झुकते. टायरवर चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, नक्षी कोरी असली तरी खूप जुना टायर बदलायचाच हे धरून किंमत बोला.

आता चांगले बदल, कारण ते पण भरपूर असतात आणि त्यांच्यासाठी मी आनंदाने थोडे जास्त पैसे देईन. पॉईंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, जुन्या फुगलेल्या रबरी ब्रेक होजच्या जागी स्टीलच्या जाळीचे होज, हँडलच्या गोळ्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग, चांगल्या कंपनीचे शॉकअप, नवीन रेग्युलेटर. ह्यातलं एकही काम फ्रेमला ग्राइंडर लावत नाही, सगळं खोलून परत ठेवता येतं, आणि गाडी खरंच चालवण्यासारखी होते. माझ्या मते ज्याला दर आठवड्याला गाडी काढायचीय त्याच्यासाठी सगळ्यात योग्य गाडी हीच, बाहेरून सगळी ओरिजिनल आणि आतून असे चार सुधारलेले पार्ट, आणि जुने पार्ट खोक्यात.

एक वेगळा प्रकार म्हणजे त्या काळातच लागलेले रेसिंगचे पार्ट. रेसिंगचे पार्ट बनवणाऱ्या योशिमुराच्या टीमने सुझुकी जीएस १००० घेऊन १९७८ ची पहिली सुझुका ८ तासांची रेस जिंकली, तेव्हा त्या काळचा खरा योशिमुरा पाइप जुन्या जीएसवर असेल तर तो काढून स्टॉक पाइप शोधायची काही गरज नाही. सीबी ७५० किंवा झेड१ चं इंजिन घातलेली रिकमन कंपनीची फ्रेम, डन्स्टॉल कंपनीचे पार्ट, जुना केरकर फोर इन टू वन (चार पाइप एकात आणणारा सायलेन्सर), ह्या गोष्टींनी किंमत वाढते, उतरत नाही. फक्त ते खरे आणि त्याच काळातले असायला हवेत, नवीन नक्कल असेल तर ती साधा बाहेरचा पार्ट म्हणूनच मोजायची.

किंमत ठरवायची ती वजाबाकीने

मॉडिफाईड गाडीचा मालक तुम्हाला त्याने किती खर्च केला ते सांगणार, सीटला एवढे, रंगाला एवढे, पाइपला एवढे. तो खर्च खरा असेल, पण तो त्याच्या आवडीचा खर्च आहे, तुम्ही तो भरून द्यायचं काही कारण नाही. उलट्या बाजूने जा. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, चालू अवस्थेतली पूर्ण गाडी आत्ता कितीला जाते ते आधी शोधा, नुसती मागितलेली किंमत नको, खरोखर विकली गेलेली किंमत. मग गाडीसमोर उभं राहून काय काय नाहीये ते लिहून काढा, एअरबॉक्स, साईड कव्हर, त्यांचे बॅज, मडगार्ड, मीटर, सायलेन्सर, इंडिकेटर, ओरिजिनल सीट आणि तिचं कुलूप. घरी येऊन एकेकाची किंमत शोधा आणि वजा करा. साईड कव्हर आणि बॅज ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी असतात पण काही मॉडेलमध्ये त्याच मिळत नाहीत, आणि मीटरची जोडी पण सहज मिळत नाही. उरलेला आकडा म्हणजे ती गाडी परत ओरिजिनल करायचा हक्क तुमच्याकडे ठेवून द्यायची किंमत. तुम्हाला कधीच ओरिजिनल करायची नसेल तरी हा आकडा काढा, कारण उद्या विकायला गेलात की समोरचा हेच गणित करणार.

अर्धवट सोडलेला प्रोजेक्ट मात्र स्वस्तात पण नको. इंजिन खोललेलं, पार्ट चार डब्यांत, मालक म्हणतो फक्त जोडायचीय. फक्त जोडायची असती तर त्यानेच जोडली असती. त्या डब्यात नेमकं काय नाहीये ते जोडायला बसल्यावरच कळतं.

चालू करून, चालवून

जायच्या आधीच फोनवर सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा, गरम असेल तर थंड स्टार्टला काहीतरी त्रास आहे. थंड चालू केल्यावर फोर स्ट्रोकमधून निळसर धूर क्षणभर आला आणि थांबला तर व्हॉल्व्हचे सील, येतच राहिला तर रिंग पिस्टन. टू स्ट्रोकचा धूर असणारच, पण गरम झाल्यावरही एका बाजूने पांढऱ्या धुराचे लोट निघत असतील तर क्रँकचे सील संपले असण्याची शक्यता असते.

कॉम्प्रेशन गेज जवळ असेल तर इंजिन गरम करून सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि मोजा. आकडा किती आला त्यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे जास्त बघायचं, दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी निश्चिंत असतो. चार सिलिंडरच्या गाडीत चालू केल्यावर लगेच प्रत्येक पाइपजवळ हात नेऊन बघा, एखादा थंड राहिला तर तो सिलिंडर काम करत नाहीये.

मॉडिफाईड गाडीवर नुसती गल्लीत चक्कर मारून उपयोग नाही. क्लिप ऑन, म्हणजे फोर्कलाच खाली अडकवलेलं हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि फळीसारखी सीट पहिली दहा मिनिटं सगळ्यांनाच आवडतात, मनगटं आणि पाठ बोलायला लागते ती नंतर. मालक तयार असेल तर अर्धा तास तरी चालवा, मधल्या आरपीएमवर, एकसारख्या वेगात, कारण कार्बचा दोष तिथंच पकडता येतो. मागे कुणाला बसवायचं असेल तर सीट आणि फूटरेस्ट आहेत का ते आत्ताच बघा, कापलेल्या फ्रेमवर ते नंतर बसत नाहीत.

कागदपत्रांत फ्रेम नंबर स्वतः वाचून ताडून घ्या, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. फ्रेम किंवा इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर चालते का हे प्रत्येक देशात वेगळं असतं, तेव्हा पैसे द्यायच्या आधी तुमच्याकडच्या नोंदणी कार्यालयात विचारा, आणि विमा काढताना बदल लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढं येतं. दुर्मिळ गाडी असेल तर ठरलेल्या किमतीचा विमा मिळतो का तेही बघा.

आणि सगळं जुळलं, गाडी घ्यायची ठरली, तर त्या खोक्याचं तेवढं पक्कं करा. जुने पार्ट देतो नंतर, माळ्यावर आहेत, शोधून कळवतो, असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं आणि पैसे दिल्यावर ते पार्ट कधीच सापडत नाहीत. पैसे देण्याआधी खोकं खाली उतरवून घ्या, सगळं जमिनीवर मांडून फोटो काढा, पावतीवर गाडीसोबत पार्टची यादी लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि जे सापडत नाही ते किमतीतून तिथल्या तिथं कमी करा.